पार्किंगच्या पुढे

स्टँडवर त्याला सगळे रेडिओ म्हणत. गाडीचं दार लागलं की सुरू आणि पॅसेंजर उतरले की बंद, म्हणून रेडिओ. खरं नाव लायसनवर होतं, पण बायकोला ‘अहो’ पुरत होतं आणि बाकीच्यांना रेडिओ, त्यामुळे ते तिथेच राहिलं.

डोंगरावरच्या त्या गावात टॅक्सीवाल्यांना तोटा नव्हता, पण त्याच्यासारखा बोलणारा दुसरा नव्हता. जजसाहेबांचा जुना बंगला, म्युझियम, तळं आणि शेवटी गावाबाहेरचा कडा, ही त्याची फेरी. “या बंगल्यात जजसाहेबांनी उभा जन्म काढला, पण बाईसाहेबांना काही इथली थंडी सोसली नाही,” असं तो इतक्या कळवळ्यानं सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईसाहेबांना पोचवायला हा स्वतः गेला असणार. कड्याच्या पार्किंगला गाडी लावली की म्हणे, “सरळ पुढे जा, कठड्याला धरून उभे राहा. खाली नदी दिसेल, झकास वळणं घेत जाते. समोर डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक. शेवटची रांग कुठं संपते आणि आभाळ कुठं सुरू होतं, सांगून दाखवा.” माणसं जात, बघत, लाल नाकं घेऊन खुशीत परत येत. तोवर हा काच पुसत उभा असे.

आणि यातलं त्यानं स्वतः काहीही पाहिलेलं नव्हतं.

थट्टा नाही. स्टँडवरच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, तो पार्किंगच्या पुढे गेलेला नसतो. गाडी सोडून गेलं की कुणीतरी ती घासून जातं, नाहीतर पॅसेंजर आधी परत येऊन बोंब मारतात, नाहीतर दुसराच कुणी त्यांना गोड बोलून पळवतो. रेडिओला गाडी शिकवणारा उस्ताद सांगायचा, “ड्रायव्हरनं आरसा बघायचा, नजारा पॅसेंजरनं.” तोच कित्ता यानं गिरवला. नदी उस्तादाकडून आली होती, डोंगरांच्या रांगा कुणा पॅसेंजर मास्तरांकडून, आणि बाईसाहेबांची थंडी त्यानं पदरची घातली होती.

बायको एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत होती. वरच्या खोल्यांच्या खिडक्या दरीकडे उघडायच्या. लाँड्री तळघरात, तिला खिडकीच नव्हती. दिवसभर चादरी वाळवायच्या, इस्त्री करायची, घड्या घालून वर पाठवायच्या. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं की सगळे पॉइंट दाखवीन. पण त्या गावाचा हिशेबच उलटा. आभाळ स्वच्छ तेव्हा सीझन, आणि सीझनमध्ये तो पॅसेंजरांचा आणि ती चादरींची. सीझन उतरला की दोघं मोकळी, आणि धुकं असं की समोरच्या घराचं दार दिसू नये. दरवर्षी तो म्हणे, “पुढच्या सीझनला एक दिवस काढतोच.” दरवर्षी ती म्हणे, “दिव्याखाली अंधार तो हाच,” आणि हसे. मुलगी झाली, शाळेच्या सहलीबरोबर कडा बघून आली, मोठी झाली, लग्न करून खाली सपाटीवरच्या शहरात गेली. आईचा कडा राहिला तो राहिलाच.

मग बायको दारांना धडकायला लागली. आधी खांदा, मग कपाळ. रेडिओला विनोद करायला आयतंच मिळालं. “अगं, दार काल इथंच होतं ना? की रात्री सरकलं?” ती पण हसायची. लाँड्रीतली मुकादमीण कुरकुर करायला लागली की चादरीच्या कडेचे डाग हिच्या नजरेतून सुटतात. तेव्हा हा म्हणाला, “वेंधळी ती वेंधळीच.” पुढे एकदा घराचीच पायरी चुकून ती पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरनं तिच्या कानाशी बोटं हलवून विचारलं, “किती बोटं?” ती म्हणाली, “कुठली बोटं?” त्यानं लगेच खालच्या शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, “काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून आपण मोकळे झालो असतो. यात गेलेली नजर परत येत नाही. आधी कडेची जाते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. यांचा एक डोळा गेल्यातच जमा आहे. दुसऱ्यात मधली थोडी उरलीय, तीही धूसर होत जाईल.”

“किती दिवस?” रेडिओनं विचारलं.

“थेंबांवर जितकी टिकेल तितकी. आधी का नाही आलात हो?”

दाराचे सगळे विनोद त्याला ओळीनं आठवले आणि त्याला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. गाडी घाट चढायला लागली. ती बाजूच्या सीटवर थेंबांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. अर्धा घाट झाल्यावर म्हणाली, “एक मागू? तुमची फेरी दाखवा मला. पॅसेंजरला दाखवता तशी. एकदा तो कडा डोळे भरून बघू दे. मग काय व्हायचं ते होऊ दे.”

“उद्याच,” तो म्हणाला. म्हणताना वळणावर धुकं आडवं आलं, त्यानं दिवे लावले आणि गाडी सावकाश घेतली.

धुक्यात कडा दिसत नाही, पण बंगला दिसतो. म्हणून सुरुवात बंगल्यापासून केली. तिकीट काढून आत शिरताना दारावरचा पहारेकरी म्हणाला, “काय रे रेडिओ, वाट चुकलास?” बुटांवर कापडी पिशव्या चढवून दोघं आत गेली. प्रत्येक खोलीच्या दारात आडवा दोर. आत सगळं मांडून ठेवलेलं, जसं काही जजसाहेब आत्ता कोर्टातून येतील आणि चहा मागतील. तिला एका वेळी नाण्याएवढाच तुकडा दिसत होता. मान हलवून हलवून एकेक वस्तू शोधावी लागत होती. घड्याळ सापडलं, मग काठी सापडली, मग पलंग. “एवढा मोठा जज आणि पलंग एवढासा?” ती म्हणाली. जेवणाच्या टेबलावर मेणाची फळं होती. कपाची नक्षी बघायला ती दोरावरून वाकली, तसा पहारेकरी ओरडला, “ओ बाई! लांबून बघा!”

“अरे, तिला...” रेडिओ तावातावानं वळला. तिनं त्याची बाही ओढली.

“राहू द्या हो. मलाच सवय नाही असल्या ठिकाणांची.”

झोपायच्या खोलीत बाईसाहेबांचा फोटो होता, खाली पाटी. त्यानं वाचून दाखवली. वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला, कारण पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं की बाईसाहेब पिकल्या वयापर्यंत याच बंगल्यात सुखानं राहिल्या.

“आणि थंडी?” ती म्हणाली. “तुम्ही तर बिचारीला कधीच मारून टाकलं होतं.”

डॉक्टरकडून आल्यापासून दोघं पहिल्यांदा हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि पहारेकरी पुन्हा बघायला लागला. त्या दिवशी रेडिओला खरंच वाटलं की सगळं निभावेल.

म्युझियममध्ये तिनं पेंढा भरलेला बिबट्या बघितला, गंजलेल्या बंदुका बघितल्या, आणि मधल्या दालनात प्लास्टरचा एक नकाशा सापडला. हातभर लांब टेबलावर सगळा डोंगर उठवलेला, दऱ्या कोरलेल्या, नदी निळ्या रंगानं रंगवलेली. ती त्याच्यावर नाक टेकेपर्यंत वाकली. इथं कुणी हटकलं नाही. बोट नदीवरून सावकाश नेत म्हणाली, “ही ती तुमची वळणं. आणि हा कडा. असाच दिसतो?”

“याच्या शंभरपट,” तो म्हणाला. हेही ऐकीवच होतं.

“आता खरा बघायचा.”

खरा बघायला ती दोघं त्या धुक्याच्या दिवसांत कितीदा गेली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पार्किंगला दुसरी गाडी नसे. पायवाट ओली, कठडा गार. हात धरून दोघं कठड्याशी उभी राहत आणि समोर पांढरं. खाली पांढरं, वर पांढरं. थोडं थांबू, वारा सुटला की फाटेल, असं म्हणत तास निघून जाई आणि ये रे माझ्या मागल्या. ती त्याची समजूत घाले, “पांढरंही काही वाईट नसतं हो.” मुलगी फोनवर रडायची. म्हणायची, आई, तू इकडे ये, इथं चांगले डॉक्टर आहेत, मी थेंब वेळेवर घालीन. आईचं उत्तर ठरलेलं, “एकदा कडा बघते, मग येते. मग काय, कुठंही बसवा मला.”

त्या धुक्यानं आणखी एक केलं. ती सकाळी उठून खिडकीशी उभी राहायची आणि विचारायची, “आजही आहेच ना?” तो म्हणायचा, “आहेच.” आणि असायचंच. त्यामुळे बाहेर किती आणि तिच्या डोळ्यांत किती, हे दोघांनाही कळायची सोय उरली नाही. त्याला कळून घ्यायचंही नव्हतं. ती पेल्याकडे हात नेताना आधी टेबल चाचपते हे त्यानं बघितलं होतं आणि लगेच दुसरीकडे बघितलं होतं.

मग एका सकाळी, सीझनच्या तोंडावर, आभाळ उघडलं. धुऊन पुसून ठेवल्यासारखं निळं. त्यानं तिला हलवून उठवलं. “ऊठ, आवर. आज दिसणार!” तिनं घाईघाईनं केस विंचरले, ठेवणीतला स्वेटर काढला. गाडी स्टँडवर होती, ती आणायला तो जवळजवळ पळतच गेला.

स्टँडवर जत्रा. इतके दिवस खोल्यांत कोंडलेले टुरिस्ट सगळे एकदम बाहेर पडले होते. आणि पहिला नंबर याचाच. स्टँडवर नंबर म्हणजे नंबर. आलेला नंबर सोडला की सगळ्यांच्या शेवटी जायचं, आणि नंबर सोडणाऱ्याला वेड्यात काढतात. स्टँडचा अध्यक्ष ओरडला, “रेडिओ, माणसं उभी आहेत, काढ गाडी!” आजी, आजोबा, लेक, जावई, पोरं, गाडी भरून माणसं. नुसता कडा बघून परत यायचं म्हणाले. त्याच्या मनात आलं, जाऊन यायला वेळ तो कितीसा? तिचं तरी अजून आवरून कुठं झालं असेल? इतक्या महिन्यांनी लागलेला नंबर, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला? आणि त्यानं दार उघडून दिलं.

यावर काय बोलायचं? मूर्ख म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण जन्मभर हातचा नंबर न सोडणं यालाच तो शहाणपण म्हणत आला होता. त्यावरच घर चाललं होतं, मुलगी शिकली होती. त्या सकाळी हात आपोआप दाराकडे गेला, इतकंच.

कड्यावर ती माणसं रमली. हा पार्किंगमध्ये काच पुसत होता, हॉर्न वाजवावा का म्हणत होता आणि वाजवत नव्हता. परत येताना आजींनी बंगल्याचा हट्ट धरला. नाही म्हणायची जीभ त्याला नव्हती. त्यांना सोडून घराकडे वळेपर्यंत दरीतलं धुकं पोस्टापर्यंत चढलं होतं, आणि तो दारात पोचेपर्यंत समोरचं दार दिसेनासं झालं होतं.

ती पायरीवर बसलेली होती. ठेवणीतला स्वेटर, हात मांडीवर.

“झाली फेरी?” तिनं विचारलं.

“अगं, नंबर होता...”

“असणारच. माणसं बरी होती?”

“बरी होती.”

“त्यांना काय दिसलं?”

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. पण आयुष्यभर पॅसेंजरांना थापा मारणाऱ्याला त्या वेळी एक धड खोटं सुचलं नाही. “सगळं,” तो म्हणाला. ती उठली, चौकट चाचपत आत गेली आणि स्वेटर घडी करून ठेवला. चादरीसारखी, कोपऱ्याला कोपरा लावून. त्या दिवसापासून त्यानं गाडी घराशीच लावायला सुरुवात केली. पण हे म्हणजे वरातीमागून घोडं.

त्यानंतर धुकं हटेना. सीझन लांबणीवर पडला, स्टँडवर सगळे आभाळाला शिव्या देत बसले. रेडिओ शिव्याही देत नव्हता. रोज पहाटे उठून दार उघडायचा आणि लावून घ्यायचा. लाँड्रीतून तिला घरी बसवलं होतं. थेंब ती स्वतःच घालायची, आता आरशाशिवाय. भाजी निवडताना देठ आणि पान बोटांनीच वेगळं करायची. मुलीनं फोनवर विचारलं, “बाबा, आईला आता कितपत दिसतंय?” तो म्हणाला, “तसंच आहे. धुकं गेलं की बघू.” जसं काही डोळ्याचं दुखणंही धुक्यानंच आणलं होतं.

शेवटी एका पहाटे त्यानं दार उघडलं आणि समोरचं घर दिसलं. घरामागची झाडं दिसली, झाडांमागचा डोंगर दिसला. तिला उठवलं, स्वेटर अंगात घातला, चपलांत पाय घालून दिले आणि गाडीत बसवलं. स्टँडवरून जाताना अध्यक्षानं हात केला, “अरे, नंबर!” त्यानं काच वर केली आणि गाडी पळवली. इतक्या वेगानं त्यानं आयुष्यात गाडी चालवली नव्हती. वळणावळणावर आरशात बघत होता, मागून धुकं येतंय का म्हणून. येत नव्हतं.

“आज उघडलंय ना?” तिनं दोनदा विचारलं.

“लख्ख,” तो म्हणाला.

पार्किंगमध्ये त्यांची पहिलीच गाडी. पाठीमागच्या डोंगरावरून सूर्य अजून वर आला नव्हता, सगळं सावलीत आणि गार होतं. त्यानं तिचा दंड धरला आणि पायवाटेनं चालवत नेलं. दगड आला की “दगड” म्हणायचा, पायरी आली की “पायरी”. कठडा आला तेव्हा तिचे दोन्ही हात उचलून त्यावर ठेवले आणि मग मान वर केली.

सगळं होतं. खाली नदी होती, उस्तादानं सांगितली होती तशीच वळत गेलेली, आणि तिच्या काठची शेतं, आणि एका वळणावर चिमुकला पूल, ज्याच्याबद्दल त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. डोंगरांच्या रांगा एकीमागे एक फिकट होत गेल्या होत्या. त्याला हुंदका आला. आनंदाचाच होता. तो तिच्याकडे वळला.

ती सरळ समोर बघत होती. चेहरा शांत, डोळे उघडे. मग कठड्यावरचा एक हात काढून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “आपण येईपर्यंत भरलंच ना हो परत?”

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण ती पुढे म्हणाली, “असू द्या. जीव नका जाळून घेऊ. तुमचा काय दोष? आज निघालो तरी वेळेत.”

नदी तशीच लख्ख दिसत होती. रेडिओ म्हणाला, “हो. भरलं.” आणि पुन्हा म्हणाला, “आत्ता, आपण आलो आणि भरलं.”

“उद्या बघू.”

“उद्या बघू,” तो म्हणाला.

एवढ्यावर भागलं असतं. त्यानं तिला तसंच वळवून गाडीत नेलं असतं, उद्याही आणलं असतं, परवाही, आणि रोज धुकं आहे म्हणून सांगितलं असतं. असल्या खोट्यावर माणसं वर्षानुवर्षं जगतात. पण मागून पायवाटेवर पावलं वाजली. एक कुटुंब आलं, नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. मुलगी धावत कठड्याशी आली आणि ओरडली, “आई, नदी! ती बघ नदी! पूलपण आहे!” बाई म्हणाली, “अगंबाई, काय स्वच्छ दिसतंय!” आणि तिचा नवरा रेडिओला म्हणाला, “नशीब आहे बघा आपलं. एवढं क्लिअर रोज थोडंच असतं? काका, एक फोटो काढाल?”

रेडिओनं ऐकूनही ऐकलं नाही. तो बायकोकडे बघत होता. त्याच्या हातावरचा तिचा हात हलला नाही. चेहराही फारसा बदलला नाही, फक्त मान किंचित खाली गेली, पायरी चुकली की जाते तेवढी. त्या माणसानं पुन्हा विचारलं, मग कसंसंच वाटून बायकोमुलीला घेऊन कठड्याच्या दुसऱ्या टोकाला गेला.

“चल,” रेडिओ म्हणाला. “घरी जाऊ.”

“थांबा.”

“कशाला थांबायचं आता? चल ना.”

“अहो, इतकी वर्षं लोकांना सांगत आलात,” ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा, भाजी काय आणायची ते सांगतानाचा. “तुम्ही तरी कुठं बघितलंय? बघून घ्या.”

त्याला बघवत नव्हतं. पण ती सांगत होती म्हणून त्यानं कठड्याला धरलं आणि बघितलं. ती शेजारी उभी राहिली, त्याचं बघून होईपर्यंत.